सोरायसिसची वही: काय लिहायचं, काय सोडायचं

पत्र: मी छत्तीस वर्षांची, नाशिक जिल्ह्यात शाळेत शिकवते. अकरा वर्षांपासून सोरायसिस आहे. कोपरं, गुडघे, कंबर आणि डोकं. गणपतीच्या सुमारास डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायच्या मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या सुरू केल्या. तेव्हापासून मी वही लिहिते. रोज रात्री फोटो, काय खाल्लं, किती खाज आली, कोणतं मलम लावलं, झोप, मूड, सगळं. दोन वह्या भरल्या. तरी मागच्या वेळी डॉक्टरांनी ‘किती फरक आहे?’ विचारलं, तेव्हा ‘थोडाफार’ यापलीकडे काही सांगता आलं नाही. मिस्टर म्हणतात खूप कमी झालंय. सासूबाई म्हणतात आहे तसंच आहे, उलट काळं पडलंय. वहीवरून शोधून दही आणि वांगं बंद केलं, आता टोमॅटोवर संशय आहे. संक्रांतीला बऱ्याच वर्षांनी काळी साडी नेसले, पण कंबरेचे डाग आठवून दिवसभर लक्ष तिकडेच. (सकाळी उजव्या हाताचं मधलं बोट आखडतं, पण ते त्वचेचं नाही म्हणून वहीत लिहिलेलं नाही.) मी बरी होतेय की नाही, हे कसं ओळखायचं? जाऊबाई एका पुडीवाल्यांकडे न्यायचं म्हणताहेत, आठ दिवसांत अंग स्वच्छ होतं म्हणे.

ताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय. बाकीचं नंतर बोलू, आधी ते बोट.

सोरायसिस असलेल्यांपैकी साधारण पाचांतल्या एकाला, काही पाहण्यांत तर तिघांतल्या एकाला, पुढे सांध्यांचा त्रास सुरू होतो. बहुतेकांत आधी त्वचा आणि मग काही वर्षांनी सांधे असाच क्रम असतो, आणि तुमची अकरा वर्षं झाली आहेत. उठल्यावर बोट किती वेळ आखडलेलं राहतं, ते घड्याळ लावून बघा. हात हलवल्यावर पाच मिनिटांत मोकळं होत असेल तर एक गोष्ट, अर्धा तास किंवा जास्त लागत असेल तर वेगळी. बोट टोकापासून मुळापर्यंत सरसकट सुजतं का? अंगठी अडकते का? टाच दुखते का, विशेषतः झोपेतून उठून पहिली पावलं टाकताना? नखांवर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे आहेत का? नखांत सोरायसिस असलेल्यांना सांध्यांचा धोका जास्त असतो. यांतल्या कशाचंही उत्तर ‘हो’ असेल तर पुढच्या तारखेची वाट न बघता या आठवड्यात डॉक्टरांना फोन करा. त्वचा पुन्हा नितळ होऊ शकते, पण झिजलेला सांधा पहिल्यासारखा होत नाही. कोणी संधिवाताची रक्ततपासणी करून ‘आरए निगेटिव्ह’ म्हणाले तरी निर्धास्त होऊ नका. या प्रकारच्या संधिवातात ती तपासणी बहुधा निगेटिव्हच येते. आणि तोवर मेडिकलमधून आपल्या मनाने दुखण्यावरच्या गोळ्या आणू नका, मेथोट्रेक्सेट सुरू असताना त्या डॉक्टरांना विचारूनच घ्यायच्या असतात.

टोमॅटोला दोन वह्यांत जागा मिळाली आणि बोटाला मिळाली नाही. वहीची मुख्य अडचण मला इथेच दिसते. तुम्ही कमी लिहीत नाही आहात, पण ज्या नोंदीमुळे औषध, तपासणी किंवा वागण्यातली एखादी गोष्ट बदलेल, अशी नोंद त्यात फार थोडी आहे. डॉक्टरांनी विचारल्यावर तुम्हाला उत्तर सुचलं नाही, यात नवल नाही. रोज दोन पानं लिहिणाऱ्या कोणालाही ते सुचलं नसतं.

रोजचा फोटो आजपासून बंद करा. निरोगी त्वचेचा वरचा थर खालून वर यायला साधारण महिना लागतो. सोरायसिसच्या चट्ट्यात हेच काम चार-पाच दिवसांत उरकतं, म्हणून खपल्यांचा ढीग साचतो. औषधाने ही घाई हळूहळू कमी होते. मेथोट्रेक्सेटचा परिणाम दिसू लागायलाच चार ते आठ आठवडे लागतात आणि नीट निवाडा करायला साधारण सोळा. काल आणि आज यांत जो फरक फोटोत दिसतो, तो बहुतेक वेळा दिव्याचा, आंघोळीचा किंवा तेलाचा असतो. मलम किंवा तेल लावलं की पांढऱ्या खपल्या पारदर्शक होतात आणि चट्टा क्षणात ‘बरा’ दिसतो. दुसऱ्या रात्री कोरड्या अंगाने फोटो काढला की तोच चट्टा ‘वाढलेला’. तुम्ही रोज रात्री काढता म्हणजे ट्यूबलाइटखाली, दमून आल्यावर, खाज सगळ्यात जास्त असताना. त्या वेळी स्वतःकडे बघून कोणाला बरं वाटेल?

त्याऐवजी चार आठवड्यांतून एकदा, सुट्टीच्या दिवशी सकाळी, आंघोळीच्या आणि मलमाच्या आधी. ऊन थेट अंगावर येत नाही अशा खिडकीपाशी, फ्लॅश बंद, फोनचं सौंदर्य खुलवणारं सेटिंग बंद. ते सेटिंग अनेक फोनमध्ये आपोआप चालू असतं आणि नेमक्या खपल्याच पुसून टाकतं. सगळे चट्टे टिपायचे नाहीत. एक कोपर, एक गुडघा, कंबरेची एक बाजू आणि केसांच्या रेषेवरची एक जागा, नेहमी त्याच. शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवा, त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो, म्हणजे चट्टा लहान झाला की मोठा हे पुढे भांडावं लागणार नाही. फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते जायचं काहीच कारण नाही.

आता सासूबाई आणि मिस्टर यांच्यातला वाद. मला वाटतं दोघंही दिसतंय तेच सांगताहेत आणि दोघांचंही खरं आहे.

सोरायसिसचा चट्टा बरा होताना आधी खपली जाते, मग जाडी उतरते आणि रंग सगळ्यात शेवटी. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर तर रंगाचं प्रकरण आणखी लांबतं. गोऱ्या कातडीवर जो चट्टा गुलाबी-लाल दिसतो, तो आपल्याकडे जांभळट, तपकिरी, कधी राखाडी दिसतो. तो बरा झाल्यावर मागे काळसर डाग उरतो, काही ठिकाणी उलट फिकट. हा डाग म्हणजे रोग नाही. तिथे दाह होऊन गेला, त्या गडबडीत रंगद्रव्य कमी-जास्त झालं, एवढाच त्याचा अर्थ. तो जायला महिने लागतात, कधी वर्षही. खपल्या असताना पांढुरक्या पापुद्र्याखाली हा रंग झाकलेला होता. खपल्या गेल्या आणि ‘काळं पडलं’. लांबून बघणाऱ्याला हे बिघडल्यासारखंच वाटणार. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणींनी नेमक्या याच टप्प्यावर चांगलं चाललेलं औषध सोडलेलं असतं, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण सगळ्यात अवघड भाग तेव्हा उलटून गेलेला असतो.

ओळखायचं कसं? डोळे मिटा आणि बोट फिरवा. आजूबाजूची त्वचा आणि डाग यांच्यामध्ये बोटाला कड लागत नसेल, खरखर नसेल, तर तिथला सोरायसिस शांत आहे, रंग काहीही असो. कड लागली, जाड लागलं, तर तो अजून चालू आहे. फोटोच्या दिवशी प्रत्येक ठरलेल्या जागेसमोर ‘सपाट’ किंवा ‘जाड’ एवढा एकच शब्द लिहा. या डागांवर गोरेपणाची क्रीम चोळू नका. तसल्या काही क्रीममध्ये स्टिरॉइड असतं आणि ते स्वतःच एक नवं दुखणं होऊन बसतं.

आणखी एक फसवणारं रूप. काही चट्टे मधून बरे होत बाहेर सरकतात, मध्ये सपाट त्वचा आणि कडेला रिंगण. माणूस घाबरतो, की गजकर्ण झालं किंवा चट्टा पसरला. कधी बऱ्या होणाऱ्या चट्ट्याभोवती फिकट कडा उमटते. दोन्ही बहुधा चांगल्याकडे जाणारी लक्षणं आहेत, पण रिंगणाला खूप खाज येत असेल आणि ते सरकत चाललं असेल तर दाखवून घ्या. खरंच गजकर्ण असू शकतं आणि त्यावर स्टिरॉइडचं मलम लावणं म्हणजे त्याला खतपाणी.

डॉक्टरांना आकडा हवा असतो, तो त्यांच्या परीने ते काढतातच. १९७८ सालापासून वापरात असलेला पासी नावाचा गुणांक आहे. शरीराचे चार भाग करून प्रत्येकात लाली, जाडी आणि खपली यांना शून्य ते चार गुण, शिवाय किती जागा व्यापली त्याचा हिशेब, जास्तीत जास्त बेरीज ७२. हे घरी करायच्या भानगडीत पडू नका, शिकलेल्या डॉक्टरांचेही त्यात दोन-चार गुण इकडेतिकडे होतात. पण जागेचा अंदाज तुम्हालाही घेता येईल. तुमचा स्वतःचा हात, बोटं जुळवून, म्हणजे तुमच्या अंगाचा साधारण एक टक्का. फोटोच्या दिवशी, जाड लागणाऱ्या सगळ्या जागा मिळून किती हात भरतात ते लिहा, काळे सपाट डाग सोडून. ‘गणपतीत सहा हात होतं, आता दोन’ असं एक वाक्य तुमच्या दोन वह्यांपेक्षा डॉक्टरांच्या जास्त कामाचं आहे. नखं मात्र या हिशेबात धरू नका. हाताचं नख महिन्याला जेमतेम तीन मिलिमीटर वाढतं, मुळाशी झालेली सुधारणा टोकापर्यंत यायला सहा महिने जातात.

खाण्याच्या नोंदीबद्दल मी थोडी कठोर होणार आहे. ती बंद करा. दही, वांगं, टोमॅटो यांपैकी एकही गोष्ट सोडल्याने सोरायसिस जातो, असा भरवशाचा पुरावा नाही. पण पुरावा बाजूला ठेवा, तुमची पद्धतच बघा. चट्टा वाढलेला दिसला की आदल्या दिवशीचं ताट तपासायचं. सोरायसिस चिथावणाऱ्या ज्या गोष्टी आम्हाला पक्क्या माहीत आहेत, त्यांचा परिणाम मुळी दुसऱ्या दिवशी दिसत नाही. घसा धरला, जंतुसंसर्ग झाला, तर चट्टे येतात दोन-तीन आठवड्यांनी. कातडीला ओरखडा गेला तर तिथे सोरायसिस उठायला बहुतेकदा दहा-वीस दिवस लागतात. मग काल रात्रीच्या भरल्या वांग्यावर आळ कसा घ्यायचा? दुसरं असं, की हा आजार आपला आपण वरखाली होतो. आपण काहीतरी सोडायचं किंवा नवं धरायचं ठरवतो ते नेमकं आजार कळसाला असताना. तिथून तो बहुतेक वेळा खालीच येणार असतो, आणि श्रेय मिळतं वांगं सोडल्याला. मग पुढच्या उसळीला नवा आरोपी लागतो. अशाने शेवटी ताटात वरणभात उरतो आणि चट्टे जिथल्या तिथे. वजन जास्त असेल तर ते उतरवल्याने मात्र खरोखर फायदा होतो, औषधंही जास्त चांगली लागू पडतात. मेथोट्रेक्सेटसोबत दारू नको. याखेरीज पथ्य नाही.

खाण्याची सोडलेली जागा या नोंदींना द्या: घसा दुखला किंवा ताप आला ती तारीख. नवीन गोळी सुरू झाली ती तारीख, कारण रक्तदाबाच्या काही गोळ्या, मानसिक आजारावरचं लिथियम आणि मलेरियावरची काही औषधं सोरायसिस उसळवू शकतात. आणि कातडीला त्रास कुठे झाला. या शेवटच्या बाबतीत मला तुमच्या कंबरेबद्दल शंका आहे. सगळीकडचं सपाट होत आलंय आणि कंबरेचं हटत नाही, असं असेल तर परकराची नाडी बघा. रोज त्याच रेषेवर करकचून बांधलेली नाडी म्हणजे रोजचा ओरखडा. रुंद पट्ट्याचा किंवा इलॅस्टिकचा परकर वापरून दोन महिने बघता येईल. तसंच गुडघ्या-कोपरांवर वज्री किंवा खरखरीत घासणी फिरवू नका. खपली ओरबाडून निघते आणि समाधान वाटतं, पण खाली नवी उठते. तेल किंवा साधं व्हॅसलिन लावून ती मऊ होऊन आपली आपण सुटू दे.

मलम संपल्याची तारीख ट्यूबवरच पेनाने लिहा, वहीत रोज नको. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेली रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, आणि तेवढं दोन हातांएवढ्या जागेला पुरतं. तीस ग्रॅमची ट्यूब चार महिने चालली असेल तर मलम ‘लागू पडत नाही’ असं म्हणायच्या आधी ते लागलंच किती, हे बघावं लागेल.

गोळ्यांचा दिवस मात्र चुकवू नका आणि दुप्पट करू नका. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, ठरलेल्या वारावर एक टिंब पुरे, कोणाला काही कळत नाही. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतल्याने माणसं अत्यवस्थ झालेली आहेत. म्हणून पाकीट घरातल्या इतर रोजच्या गोळ्यांत ठेवू नका. रक्ताचे आणि यकृताचे रिपोर्ट तारखेवार एका फाइलमध्ये ठेवा. दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरांकडे गेलात, अगदी दातांच्या, तरी ही गोळी चालू असल्याचं सांगा, विशेषतः ते सल्फाचं औषध देत असतील तर. आणि बाळाचा विचार असेल तर तो डॉक्टरांशी आत्ताच बोला. गरोदरपणात हे औषध अजिबात चालत नाही आणि आधी काही काळ बंद करावं लागतं.

पुडीबद्दल थोडक्यात. वर सांगितलेला वेग पुन्हा वाचा: चांगलं औषधही आठवडे-महिने घेतं. ‘आठ दिवसांत स्वच्छ’ हे ऐकून माझ्या मनात पहिली शंका येते ती स्टिरॉइडची. लेबल नसलेल्या पुड्यांत ते मिसळलेलं सापडल्याचे प्रकार झालेले आहेत. त्याने अंग झपाट्याने साफ होतं हे खरंच आहे, जाऊबाई खोटं बोलत नसतील. पण पुडी थांबली की सोरायसिस दुप्पट जोराने येऊ शकतो, कधी अंगभर लाली आणि पू भरलेल्या बारीक पुळ्या घेऊन, आणि मग दवाखान्यात भरती व्हावं लागतं. त्यात तुमचं यकृत आधीच एका औषधाचा भार वाहतंय. जाऊबाईंना सांगा, पुडीत काय आहे ते छापून द्यायला सांगा, मग बघू. बहुधा विषय तिथेच संपेल.

आता एक नोंद अशी, जी तुम्ही वहीत कधीच केली नाही आणि पत्रात मात्र सहज लिहून गेलात. संक्रांतीला काळी साडी नेसलात. खांद्यावर पांढरा कोंडा दिसेल म्हणून सोरायसिसवाल्या बायका काळ्या रंगाला किती टाळतात, हे मला माहीत आहे. आणि तेही जानेवारीत, निफाडचा पारा रोज पेपरात येतो त्या दिवसांत, कोरड्या थंडीने अनेकांचा सोरायसिस उफाळतो तेव्हा. डोक्यातल्या खपल्या कमी झाल्याशिवाय तुम्ही ते केलं नसतंत. तुमचं लक्ष कंबरेच्या डागांवर होतं, ते समजतं, पण डाग साडीच्या आत होते.

यासाठीही मोजमाप आहे. १९९४ साली कार्डिफमधल्या त्वचारोगतज्ज्ञांनी दहा प्रश्नांची एक यादी तयार केली. गेल्या आठवड्यात त्वचेमुळे किती खाज-दुखणं झालं, किती संकोच वाटला, कपडे निवडताना अडलं का, कामावर, घरात, नवऱ्याशी असलेल्या संबंधांत अडचण आली का, असे प्रश्न. शून्य ते तीस गुण, दहाच्या वर गेले तर आजार आयुष्यावर फार भारी पडतोय असं धरतात. तुमच्या डॉक्टरांकडे ती यादी असेल, महिन्यातून एकदा फोटोच्याच दिवशी भरा. दहा मिनिटंही लागत नाहीत. पासी उतरला आणि हे गुण उतरले नाहीत, तर उरलेला त्रास कातडीत नाही, दुसरीकडे कुठेतरी आहे, आणि त्यासाठीही मदत मागता येते.

तुलना करताना ऋतू विसरू नका. जानेवारी जानेवारीशी, मे मेशी. गेल्या थंडीतले काही फोटो फोनमध्ये असतील, कोणाच्या तरी लग्नातले, हात उघडे असलेले. ते शोधा. वह्या जाळायची गरज नाही, पण उघडूही नका. आणि हा आजार कायमचा मुळासकट जात नाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांनी २०१४ च्या ठरावात हे स्पष्ट लिहिलंय. महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं शांत राहणं मात्र अगदी शक्य आहे, म्हणून पुढे चट्टा परत दिसला तर सगळं वाया गेलं असं वहीत लिहू नका, तारीख लिहा.

पुढच्या भेटीला एकच कागद न्या: किती हात, कोणत्या जागा जाड, बोट सकाळी किती मिनिटं आखडतं, दहा प्रश्नांचे गुण, राहून गेलेल्या गोळ्या. साडेचार महिने झालेत, म्हणजे हे औषध पुरेसं आहे की बदलायचं, हे ठरवायची वेळ आलीच आहे, आणि ते तुम्ही विचारलंत तरी चालतं. जमलं तर सासूबाईंनाही बरोबर न्या. काळे डाग म्हणजे रोग नव्हे, हे त्या तुमच्याकडून ऐकणार नाहीत, डॉक्टरांकडून ऐकतील.